आधी शंभर मीटर, मग बेचाळीस किलोमीटर

पहाटे दूध घालायला किंवा मोटर चालू करायला तुम्ही गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याने जात असाल, तर पळणारी पोरं तुम्हाला हमखास दिसत असतील. कुणाला पोलिसात जायचे असते, कुणाला सैन्यात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते, हे आता शाळेतल्या पोरालाही पाठ आहे.

शेतीशाळा आणि पीक पाहणीच्या निमित्ताने मला गावोगाव फिरावे लागते. त्यात एक गोष्ट नेहमी बघतो. भरतीची जाहिरात निघाली की पहिल्या दिवशी वीस-पंचवीस पोरं रस्त्यावर असतात. पहिल्याच दिवशी जीव तोडून चार-पाच किलोमीटर पळतात. मग कुणाला उलटी होते, कुणाची पिंढरी धरते, कुणाच्या नडगीत कळ येते. पंधरा दिवसांनी बघावं तर चार-पाचच उरलेली. बाकीच्यांच्या घरी सगळ्यांचा समज होतो की आपल्या पोराच्या अंगातच ते नाही.

आज ज्या माणसाची हकिकत सांगणार आहे, त्याच्या अंगातही ते नाही असे सगळ्यांना वाटत होते. त्याला स्वतःलाही. त्याचे नाव एमिल झाटोपेक. पुढे ऑलिम्पिकमध्ये एकाच आठवड्यात त्याने लांब पळण्याच्या तीन शर्यती जिंकल्या. पण तो आपल्या उपयोगी पडतो तो त्या पदकांमुळे नव्हे. पळायला सुरुवात कशी करावी, हे त्याने आपल्या डोक्याने शोधून काढले, म्हणून उपयोगी पडतो.

बाटाच्या कारखान्यातला पोरगा

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी चेकोस्लोव्हाकिया देशात कोप्रिव्हनित्से या गावी झाला. १९९३ साली त्या देशाचे चेक आणि स्लोव्हाक असे दोन भाग झाले. हे गाव आता चेक देशात आहे. वडील सुतारकाम करायचे. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, एमिल सातवा. अशा घरात पोराने लवकर कमावते व्हावे हीच अपेक्षा असते. आपल्याकडेही काही वेगळे नाही.

वयाच्या सोळाव्या वर्षी तो झ्लिन गावी बाटाच्या कारखान्यात कामाला लागला. बाटा म्हणजे तीच हो, जिचे काळे बूट घालून आपल्यापैकी अनेकजण शाळेत गेले. ती कंपनी मूळची या झ्लिनची, १८९४ साली तिथे सुरू झालेली. कारखान्यातली पोरं वसतिगृहात राहायची, दिवसभर काम करायची आणि संध्याकाळी शिकायची. त्यातच मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या आणि देश गेला. खेळ, पदक, ऑलिम्पिक यांचा विचारही करावा असे ते दिवस नव्हते.

१९४१ साली झ्लिनमध्ये एक धावण्याची शर्यत होती. कारखान्यातला खेळाचा शिक्षक मोठा कडक. त्याने चार पोरांकडे बोट दाखवले आणि पळायला लागेल असे बजावले. त्यात एमिल होता. एमिलने अशक्तपणाचे कारण सांगितले. शिक्षकाने त्याला सरळ डॉक्टरकडे पाठवले. डॉक्टरने तपासले आणि पोरगा ठणठणीत आहे असा निर्वाळा दिला. सबब संपली.

शर्यतीत सुमारे शंभर जण होते. सुटेपर्यंत एमिलला त्यात काडीचा रस नव्हता. पण पाय उचलले आणि त्याला जिंकावेसे वाटू लागले. तो दुसरा आला. अठरा वर्षांच्या त्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा कळले की आपण समजतो तेवढे आपण कमजोर नाही.

इथे एक ध्यानात घ्या. डॉक्टरने आधी तपासले होते. पोराला पळायला सोडण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा छाती, रक्तदाब आणि रक्त तपासून घेणे हे त्या काळी तिथे जमत होते, तर आज आपल्याला जमायला हरकत नाही.

सगळे हसले, तो पळत राहिला

त्यानंतर एमिल तिथल्या क्लबात जाऊ लागला. यान हालुझा नावाच्या चांगल्या धावपटूने त्याला हाताशी धरले आणि सरावाची शिस्त लावली. फिनलंडचा पावो नुर्मी हा त्याच्या आधीच्या काळातला मोठा धावपटू, नऊ सुवर्णपदकांचा धनी. त्याच्या सरावाबद्दल मिळेल ते एमिलने वाचून काढले. पुस्तकातले वाचून शेतात प्रयोग करणारे शेतकरी असतात ना, तसला हा गडी.

त्या काळी लांब पळणाऱ्याने लांबच पळायचे, सावकाश पळायचे, अशी रीत होती. एमिलने उलटे केले. तो शंभर मीटर जोरात पळायचा, मग हळूहळू दुडकत परत यायचा, पुन्हा शंभर मीटर जोरात. बघणारे हसायचे. हा काय शंभर मीटरची शर्यत पळणार आहे का, असे त्यांना वाटे. एमिलचा हिशेब साधा होता. सावकाश पळायला तर आपल्याला येतेच, शिकायचे आहे ते जोरात पळायला. शंभर मीटर जोरात पळता आले, आणि ते वीस वेळा करता आले, तर दोन किलोमीटर झाले. ते जोराचे दोन किलोमीटर झाले, रखडत काढलेले नव्हेत.

पुढे त्याने शंभरचे दोनशे आणि दोनशेचे चारशे मीटर केले. १९४८ च्या सुमाराला त्याचा एक ठरलेला सराव असा होता : दोनशे मीटर पाच वेळा, चारशे मीटर वीस वेळा आणि शेवटी पुन्हा दोनशे मीटर पाच वेळा. बेरीज करून बघा. एक, आठ आणि एक असे दहा किलोमीटर होतात. आणि प्रत्येक फेरीनंतर थोडे हळू पळणे, म्हणजे विसावा. हे करायला त्याला सात वर्षे लागली, हेही विसरू नका.

मला विचाराल तर यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण आपण पिकाला हेच करतो. महिन्याचे पाणी एका दिवसात कोण सोडतो? पाळी देतो, मग वापसा येऊ देतो. पाण्याने माती भिजते खरी, पण मुळी चालते ती वापशावर. सतत पाणी तुंबले तर मूळ सडते. शरीराचेही तसेच. जोर लावल्याने दमणूक होते, आणि ताकद वाढते ती त्यानंतरच्या विसाव्यात, झोपेत आणि खाण्यात. आपली पोरं पाणी देतात, वापसा येऊ देत नाहीत. म्हणून पंधरा दिवसांत सुकतात.

१९४४ पर्यंत एमिलने आपल्या देशातले दोन, तीन आणि पाच हजार मीटरचे विक्रम मोडले होते. ध्यानात घ्या, पहिली शर्यत १९४१ ची. मधली तीन वर्षे युद्धाची, कारखान्यातल्या कामाची.

बूट घालून बर्फात

१९४५ साली युद्ध संपले आणि एमिल सैन्यात गेला. तिथे त्याला सरावाला वेळ मिळाला, पण मैदान हवे तसे मिळाले असे नाही. जंगलातल्या वाटेवर, चिखलात, बर्फात, पायात सैन्याचे जड बूट घालून तो पळायचा. जागा नाही, बूट नाही, हवामान बरोबर नाही, असली कारणे त्याने सांगितली नाहीत.

१९४६ साली ओस्लो शहरात युरोपातल्या देशांची स्पर्धा झाली. पाच हजार मीटरमध्ये तो पाचवा आला. पाचवा म्हणजे हरलाच. तो घरी आला आणि फेऱ्या वाढवल्या.

त्याचे पळणे दिसायला अजिबात चांगले नव्हते. मान एका बाजूला कललेली, तोंड वेडेवाकडे, जीभ बाहेर, हात कसेही हलताहेत. बघणाऱ्याला वाटावे, हा आता पडतो की मग पडतो. पण कंबरेखाली पाय घड्याळासारखे चालू. रांगेतले पीक दिसायला कसे आहे यापेक्षा काट्यावर किती भरते ते आपण बघतो, त्यातला हा प्रकार.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक झाले. दहा हजार मीटरची शर्यत तो आयुष्यात पहिल्यांदा पळाला होता ती त्याच वर्षी. लंडनला ३० जुलै रोजी त्याने ती जिंकली. तीन दिवसांनी पाच हजार मीटरमध्ये तो शेवटच्या फेरीला बराच मागे पडला होता. मग असा सुटला की बेल्जियमच्या गास्तों राइफला जवळजवळ गाठलेच. फक्त दोन दशांश सेकंदाने रुपेरी पदकावर समाधान मानावे लागले.

त्याच वर्षी त्याने डाना नावाच्या भालाफेक करणाऱ्या मुलीशी लग्न केले. दोघांची जन्मतारीख अगदी एकच, १९ सप्टेंबर १९२२. पुढे १९५१ साली एका तासात वीस किलोमीटरपेक्षा जास्त पळणारा तो जगातला पहिला माणूस ठरला.

हेलसिंकीचे आठ दिवस

१९५२ चे ऑलिम्पिक फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात होते. हे नाव आपल्याला परके नाही. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी २३ जुलै १९५२ रोजी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक, ते याच हेलसिंकीत. लोकांनी पै-पैसा गोळा करून त्यांना पाठवले होते, हे जुन्या माणसांना माहीत आहेच. खाशाबा आखाड्यात झुंजत होते त्याच आठवड्यात एमिल तिथल्या मैदानावर पळत होता.

पण एमिल हेलसिंकीला पोचला तो एक भांडण करून. संघात युंगविर्थ नावाचा धावपटू होता. त्याचे वडील राजकीय कारणावरून तुरुंगात होते, म्हणून वरच्या साहेबांनी त्याचे नाव कापले. एमिलने कळवले की तो जाणार नसेल तर मीही जाणार नाही. विमान त्याच्याविना सुटले. त्या राजवटीत असे वागणे म्हणजे नोकरी आणि बरेच काही पणाला लावणे होते. शेवटी साहेब नमले आणि दोघेही हेलसिंकीला गेले.

२० जुलैला त्याने दहा हजार मीटर जिंकले. २४ जुलैला पाच हजार मीटर जिंकले. त्याच दिवशी डानाने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले. एका घरात एका दिवशी दोन सुवर्णपदके आली.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. उरली होती मॅरेथॉन, ४२ किलोमीटर १९५ मीटर. एमिल ही शर्यत आयुष्यात कधीच पळाला नव्हता. म्हणजे जगातला इतका मोठा धावपटू त्या दिवशी पुन्हा नवशिका झाला होता. नवशिक्याने करावे तेच त्याने केले. ज्याला येते त्याच्या शेजारी राहायचे. इंग्लंडच्या जिम पीटर्सने आदल्याच महिन्यात मॅरेथॉनची जगातली सर्वात चांगली वेळ नोंदवली होती. एमिलने त्याला हुडकून काढले आणि त्याच्या बरोबरीने पळू लागला.

पीटर्स सुरुवातीपासून फार वेगात निघाला होता. बरेच अंतर गेल्यावर एमिलने त्याला विचारले की हा वेग बरोबर आहे का. पीटर्स दमला होता, पण तसे दाखवायचे नव्हते. त्याने वेग कमी पडतो आहे असे सांगून टाकले. एमिलने ते खरे मानले आणि पुढे निघून गेला. पीटर्सच्या पायात गोळे आले आणि सुमारे ३२ किलोमीटरवर त्याने शर्यत सोडली. २७ जुलैला एमिल २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत मैदानात आला तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा अर्जेंटिनाचा गोर्नो अडीच मिनिटे मागे होता.

पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन, या तिन्ही शर्यती एकाच ऑलिम्पिकमध्ये जिंकणे त्याच्या आधी कुणाला जमले नव्हते आणि त्याच्यानंतरही आजवर जमलेले नाही.

लक्षात घ्या मंडळी, पीटर्स काही कच्चा गडी नव्हता. अनुभवाने तो एमिलच्या कितीतरी पुढे होता. पण त्या दिवशी तो आपल्या ताकदीपेक्षा जोरात सुटला. आपल्या रस्त्यावरची पोरं पहिल्या दिवशी करतात तीच चूक जगातल्या उत्तम धावपटूकडूनही होते.

त्याचे काय घेऊ नये

मोठ्या माणसाचे सगळेच घ्यायचे नसते. एमिल सरावाच्या नादात कधी कधी फार पुढे जायचा. चालताना श्वास रोखायचा, आज इतकी झाडे जाईपर्यंत, उद्या एक झाड जास्त, असे करता करता एकदा तो भोवळ येऊन पडला असे सांगतात. १९५६ च्या ऑलिम्पिकआधी तो बायकोला खांद्यावर घेऊन पळण्याचा सराव करत होता. त्यातून हर्निया झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. तरी मेलबर्नला मॅरेथॉन पळाला आणि सहावा आला. जिंकला तो फ्रान्सचा आलें मिमूं, जो आधी अनेक वेळा एमिलच्या मागे दुसरा यायचा. पोचल्यावर एमिलने त्याला मिठी मारली. त्यानंतर लवकरच त्याने शर्यती सोडल्या.

तेव्हा ओझे घेऊन पळणे, श्वास कोंडणे, उपाशीपोटी पळणे, ताप अंगात असताना पळणे, हे प्रकार पोरांना करू देऊ नका. ज्याचे शरीर लोखंडाचे होते त्यालाही ते बाधले.

बोअर घेणारा विश्वविजेता

१९६८ साली त्याच्या देशात लोकांनी मोकळेपणाची मागणी केली. तशा मागणीच्या ‘दोन हजार शब्द’ नावाच्या जाहीरनाम्यावर एमिलने सही केली. ऑगस्टमध्ये रशियाचे रणगाडे आले तेव्हाही तो उघडपणे विरोधात बोलला. त्याची शिक्षा मिळाली. पक्षातून काढले, सैन्यातला कर्नलचा हुद्दा गेला. जगज्जेता माणूस जमिनीत भोके पाडून पाण्याचा आणि खनिजाचा शोध घेणाऱ्या टोळीत मजुरी करू लागला. घरापासून लांब, उघड्या माळावर, आठवडे-आठवडे. आपल्याकडे बोअरच्या गाडीवरची पोरं कशी राहतात ते तुम्ही पाहिलेच आहे.

१९७१ साली त्याने आपले आधीचे म्हणणे जाहीरपणे मागे घेतले. त्याबद्दल त्याच्या देशातल्या काही लोकांनी त्याला दोष दिला. तो दबाव कसा असतो हे ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. १९९० साली, राजवट बदलल्यावर, त्याचा मान त्याला परत देण्यात आला. नोव्हेंबर २००० मध्ये प्राग शहरात त्याचे निधन झाले. डाना २०२० साली गेली.

एक गोष्ट सांगायची राहिली. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा मोठा धावपटू, विक्रमांवर विक्रम केले, पण ऑलिम्पिकचे सुवर्णपदक त्याच्या नशिबी नव्हते. १९६६ साली तो एमिलला भेटायला गेला. निघताना एमिलने त्याच्या हातात एक छोटी पुडी दिली. क्लार्कने ती विमानात उघडली, तर आत एमिलचे १९५२ चे दहा हजार मीटरचे सुवर्णपदक होते. पदक गेले तरी त्याचे पळणे कुठे जात नव्हते.

आपण काय करू शकतो

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि शाळेचे गुरुजी यांच्याशी दोन शब्द बोलतो. पहाटे अंधारात मोठ्या रस्त्याच्या कडेने पळणाऱ्या पोरांना गाडीने उडवल्याच्या बातम्या तुम्हीही पेपरात वाचल्या असतील. पोरं तिथे पळतात, कारण गावात दुसरी मोजलेली जागा नाही. फार पैसा लागत नाही. गायरानाची कड, कालव्याचा भराव, पाणंद रस्ता किंवा शाळेचे मैदान निवडा. तीस मीटरचा टेप तीन वेळा टाका आणि दहा मीटर पुढे जा, झाले शंभर मीटर. तिथे चुन्याची रेघ ओढा आणि बाजूला दगड रोवा. असे दोनशे मीटर सरळ मोजले तरी चारशे मीटर जाऊन-येऊन होतात. खड्डे बुजवा, काटेरी झुडपे काढा. जमल्यास एक दिवा लावा. ग्रामसभेत हा विषय एकदा घ्या.

आणि आई-बापांना एवढेच सांगणे आहे. भरतीची जाहिरात निघाल्यावर पळायला लागणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर बांध घालणे. आधीपासून, थोडे थोडे, शंभर मीटरपासून सुरू करू द्या. मध्ये विसावा घेऊ द्या. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी असू द्या. १६०० मीटर म्हणजे चारशे मीटरच्या चारच फेऱ्या आहेत. मुलीला पळायचे असेल तर तिलाही तीच जागा, तीच वेळ आणि तेवढेच दूध-शेंगदाणे मिळायला हवेत.

बाटाच्या कारखान्यातल्या त्या पोराला कुणी बोट दाखवले नसते आणि डॉक्टरने तो ठीक आहे असे सांगितले नसते, तर तो कदाचित आयुष्यभर स्वतःला अशक्तच समजत राहिला असता. आपल्या गावातही असा एखादा असेल. उद्या पहाटे रस्त्याने जाताना दिसला, तर गाडी बाजूला घेऊन त्याला एवढेच सांगा, की आज निम्मेच पळ, पण उद्या पुन्हा ये.